यूएसबीतून इथरनेट : न दिसणाऱ्या दुभाष्याची कामगिरी

लॅपटॉप जसजसे सडपातळ होत गेले, तसतसे त्यांच्या कडेवरचे एकेक पोर्ट नाहीसे होत गेले. नेटवर्कची केबल बसवण्याचे रुंद पोर्ट हे त्यांपैकीच एक. जानेवारी २००८ मध्ये अॅपलने पहिला मॅकबुक एअर सादर केला, तेव्हा त्यात हे पोर्ट नव्हते. ज्यांना केबलनेच इंटरनेट घ्यायचे असेल, त्यांच्यासाठी यूएसबीला लावायची एक छोटी जोडणी वेगळी विकली जात होती. पुढे ही तऱ्हा इतरांनीही उचलली. घरोघरी वाय-फाय असले, तरी ऑनलाइन परीक्षा, कार्यालयीन बैठका किंवा मोठ्या फायलींची ने-आण अशा वेळी केबलचा भरवसा अनेकांना अधिक वाटतो. मग दुकानातून ‘यूएसबी टू लॅन’ कन्व्हर्टर घरी येतो.

हा कन्व्हर्टर लावला, की काही क्षणांत संगणकाला नेटवर्क मिळाल्याची खूण पडद्यावर उमटते. संगणकाच्या पोटात इथरनेट कार्ड नसतानाही ऑपरेटिंग सिस्टीमला ते दिसू लागते. ही किमया त्या प्लॅस्टिकच्या डबीची जेवढी, त्याहून अधिक ‘ड्रायव्हर’ या आज्ञावलीची असते. एखादा जुना कन्व्हर्टर नव्या संगणकावर निमूटपणे चालतो आणि नवा कोरा मात्र हटून बसतो, तेव्हा दोष बहुधा तारेत किंवा डबीत नसतो. दोन यंत्रांनी कोणत्या भाषेत बोलायचे याचा करारच झालेला नसतो. तो करार कोणी ठरवला आणि तो सर्वांसाठी खुला आहे की नाही, यावर विकत घेतलेल्या वस्तूचे आयुष्य अवलंबून असते.

दोन घरच्या दोन रीती

इथरनेट आणि यूएसबी या दोन्ही व्यवस्था माहितीची ने-आण करतात. पण दोघींचे संस्कार अगदी वेगळे आहेत. इथरनेटचा जन्म १९७३ मधला, अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते घडवले. एकाच तारेवर अनेक संगणक, आणि त्यांत मालक कोणीच नाही, ही त्यामागची कल्पना. ज्याला बोलायचे असेल त्याने तार मोकळी आहे का ते पाहावे आणि बोलावे. दोघे एकदमच बोलले तर दोघांनी थांबावे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. पुढे ‘स्विच’ आल्यामुळे ही टक्कर टळली. पण कोणीही, कधीही, न विचारता बोलू शकतो हा मूळ स्वभाव कायम राहिला. बोलण्याच्या एका घासाला ‘फ्रेम’ म्हणतात. तिच्यात साधारणपणे १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो आणि तिच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो.

यूएसबीचा संस्कार याच्या नेमका उलट. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांच्या सहकार्यातून ती आकाराला आली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलचे अभियंते अजय भट्ट यांचा त्या कामात मोलाचा वाटा होता. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, मोडेम अशी संगणकाभोवतीची गोतावळ एकाच प्रकारच्या पोर्टाला लावता यावी, हा तिचा हेतू. त्यामुळे येथे एकच मालक असतो, तो म्हणजे संगणक. बाकीची सारी उपकरणे आज्ञाधारक. शाळेतल्या कडक गुरुजींनी ज्याचे नाव पुकारले त्यानेच उत्तर द्यायचे, इतरांनी हातही वर करायचा नाही, अशी ही शिस्त. उपकरणाकडे कितीही महत्त्वाचा निरोप असो, संगणकाने विचारल्याशिवाय त्याला तो देता येत नाही. यूएसबी ३.० मध्ये ‘आता माझ्याकडे सांगण्यासारखे काही आहे’ एवढे सुचवण्याची मुभा उपकरणाला मिळाली. तरी माहिती मागण्याचा अधिकार संगणकाकडेच राहिला.

आता पेच लक्षात येईल. बाहेरच्या केबलवरून फ्रेम कधीही येऊन धडकणार. आतल्या बाजूला मात्र विचारल्याखेरीज बोलायची बंदी. या दोघांमध्ये उभा राहणारा दुभाषी म्हणजे यूएसबी-इथरनेटचा ड्रायव्हर.

ओळख पटवण्याचा विधी

कन्व्हर्टर लावताच संगणक प्रथम त्याची चौकशी करतो. उपकरण उत्तरादाखल आपली ओळखपत्रे पुढे करते. कंपनीचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि ‘मी अमुक वर्गातले उपकरण आहे’ अशी नोंद त्यांत असते. ऑपरेटिंग सिस्टीमकडे प्रत्येक ड्रायव्हरची एक यादी असते. यादीत हे क्रमांक किंवा हा वर्ग सापडला, की तो ड्रायव्हर कामाला लागतो. सापडला नाही, तर उपकरणाचे दिवे लागूनही ते संगणकाच्या लेखी अनोळखीच राहते.

यात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथातले उपकरण सांगते, ‘मी सर्वांनी मान्य केलेल्या वर्गातले आहे, त्या वर्गाचे नियम पाळा म्हणजे झाले.’ दुसऱ्या पंथातले म्हणते, ‘माझी भाषा माझ्या कंपनीची, ती शिकलेला ड्रायव्हर आणा.’ तैवानच्या एसिक्स आणि रिअलटेक या कंपन्यांच्या चिपा बाजारातल्या असंख्य कन्व्हर्टरांत असतात. डबीवर नाव कोणाचेही असो, आतली चिप कोणाची आहे यावर ड्रायव्हर ठरतो. काही चिपांना दोन्ही भाषा येतात. रिअलटेकची आरटीएल८१५३ ही चिप सर्वमान्य पद्धतीनेही बोलते आणि कंपनीच्या खास पद्धतीनेही. पहिल्या पद्धतीने काम भागते. दुसऱ्या पद्धतीने चिपच्या अंगच्या अधिक सोयी वापरता येतात.

सर्वमान्य भाषा घडवण्याचे काम यूएसबीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने केले. दळणवळणाच्या उपकरणांसाठी तिने ‘सीडीसी’ हा वर्ग आखला. त्यातल्या इथरनेटसाठीच्या पद्धतीला थोडक्यात ‘ईसीएम’ म्हणतात. तिच्यात उपकरण आपला इथरनेट पत्ता बारा अक्षरांच्या साध्या मजकुराच्या रूपात संगणकाला सांगते. केबल लागली आहे की निघाली आहे, याची वर्दी देण्यासाठी एक छोटी स्वतंत्र वाट असते. संगणक ठरावीक काळाने त्या वाटेवर डोकावून जातो. फ्रेमांची ने-आण दुसऱ्या मोठ्या वाटेने होते.

फ्रेम कुठे संपली?

ड्रायव्हरच्या कामातली खरी मेख येथे आहे. यूएसबी २.० मध्ये मोठ्या वाटेने माहिती ५१२ बाइटांच्या तुकड्यांत जाते. १५१४ बाइटांची इथरनेट फ्रेम पाठवायची असेल, तर ५१२ चे दोन पूर्ण तुकडे होतात आणि ४९० बाइटांचा तिसरा अपुरा तुकडा उरतो. अपुरा तुकडा आला म्हणजे फ्रेम संपली, असा संकेत ठरलेला आहे. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा तसा हा प्रकार.

पण फ्रेम नेमकी १०२४ बाइटांची निघाली तर? दोन्ही तुकडे पूर्ण भरले, अपुरा तुकडा उरलाच नाही. घेणारा ‘अजून काहीतरी यायचे आहे’ असे समजून वाट पाहत बसतो. नियमाप्रमाणे अशा वेळी शून्य बाइटांचा, म्हणजे निव्वळ रिकामा तुकडा पाठवून शेवट कळवायचा असतो. प्रत्यक्षात काही चिपांना हा रिकामा तुकडा पचत नाही. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एक व्यवहारी तोडगा आहे. अशा उपकरणांसाठी फ्रेमच्या शेवटी एक जादा बाइट जोडला जातो. तुकडा अपुरा होतो आणि समोरचा तो जादा बाइट सोडून देतो. हजारात एखाद्याच फ्रेमला लागणारी ही क्लृप्ती नसती, तर नेटवर्क एरवी उत्तम चालून मध्येच अकारण अडखळले असते आणि वापरणाऱ्याने केबल, राउटर, इंटरनेट कंपनी अशा सर्वांना दोष दिला असता.

दुसरी मेख वेळेची. बाहेरून आलेली फ्रेम संगणक मागेपर्यंत कन्व्हर्टरच्या छोट्या स्मृतीत थांबते. मागणी यायला उशीर झाला, की ती स्मृती भरते आणि पुढची फ्रेम वाया जाते. यावर उपाय म्हणजे ड्रायव्हरने मागण्यांची रांग आधीच लावून ठेवणे. एक मागणी पूर्ण होताच दुसरी तयार, तिच्या मागे तिसरी. पहिल्या पिढीच्या १२ मेगाबिटच्या यूएसबीवर लिनक्स अशा चार मागण्या रांगेत ठेवते; ४८० मेगाबिटच्या यूएसबी २.० वर सुमारे साठ पूर्ण फ्रेम मावतील एवढी जागा राखते. वेग वाढला की रांग लांबते.

तिसरा प्रश्न हमालीचा. १०० मेगाबिटच्या केबलवरून लहानात लहान फ्रेम सलग आल्या, तर एका सेकंदात त्यांची संख्या १ लाख ४८ हजारांवर जाऊ शकते. ईसीएम पद्धतीत प्रत्येक फ्रेम म्हणजे एक स्वतंत्र खेप. टपाल कार्यालयाने एकेक पत्र वेगळ्या गाडीने धाडावे तसे हे झाले. म्हणून पुढे ‘एनसीएम’ ही पद्धत आली. तिच्यात अनेक फ्रेम एकाच थैलीत भरल्या जातात आणि कोणते पत्र थैलीत कुठे आहे याची यादी सोबत असते. संगणकाचे श्रम वाचतात आणि वेग वाढतो. खासगी चिपाही आपापल्या रीतीने हेच करतात. एसिक्सच्या एका चिपमालिकेत प्रत्येक फ्रेमआधी तिची लांबी दोनदा लिहिलेली असते, दुसऱ्यांदा उलट्या बिटांनी. दोन्ही आकड्यांचा मेळ बसला तरच ड्रायव्हर फ्रेम स्वीकारतो.

एक गाभा, अनेक शेंडे

सुरुवातीला प्रत्येक चिपसाठी स्वतंत्र, संपूर्ण ड्रायव्हर लिहिला जाई. रांग सांभाळणे, केबल निघाल्याचे ओळखणे, संगणक निद्रिस्त झाल्यावर काम थांबवणे, ही तीच ती कामे प्रत्येकाने नव्याने लिहायची आणि त्याच त्या चुकाही नव्याने करायच्या. डेव्हिड ब्राउनेल यांनी लिनक्ससाठी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘यूएसबीनेट’ या ड्रायव्हरने ही रीत बदलली. दोन संगणक थेट जोडणाऱ्या यूएसबी केबली आणि तेव्हाचे खिशातले संगणक यांच्यापासून त्याची सुरुवात झाली. २००५ च्या सुमारास त्याची रचना एक समाईक गाभा आणि त्यावर बेतलेले छोटे ड्रायव्हर अशी झाली. रांगा आणि वेळ सांभाळणे हे गाभ्याचे काम. छोट्या ड्रायव्हरने आपल्या चिपची लकब तेवढी सांगायची. ब्राउनेल २०११ मध्ये निवर्तले, पण त्यांनी घालून दिलेली चौकट लिनक्समध्ये टिकून राहिली. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमांनीही सर्वमान्य वर्गासाठी ‘सीडीसीई’ नावाचा ड्रायव्हर ठेवला.

या चौकटीचा कस लागला तो रास्पबेरी पाय या ३५ डॉलरच्या संगणकावर. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या ‘मॉडेल बी’वर इथरनेटचे पोर्ट दिसत असे; पण ते आतून यूएसबीलाच जोडलेले होते. लॅन९५१२ या एकाच चिपमध्ये यूएसबीचा हब आणि इथरनेट दोन्ही सामावले होते. खर्च वाचला, पण पेनड्राइव्ह आणि नेटवर्क यांना यूएसबीची एकच वाट वाटून घ्यावी लागली. २०१८ च्या ‘३ बी प्लस’ मॉडेलमध्ये गिगाबिट इथरनेट आले, तरी वाट यूएसबी २.० चीच असल्याने वेग ३०० मेगाबिटच्या आसपास अडला. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये इथरनेटला स्वतंत्र मार्ग मिळाला, तेव्हाच गिगाबिट हे नाव सार्थ झाले. ड्रायव्हर कितीही कुशल असला, तरी वाटेची रुंदी तो वाढवू शकत नाही.

सीडी गेली, ड्रायव्हर गेला

सर्वमान्य करार नसला तर काय होते, हे शहरी ग्राहकाने २००० च्या दशकात पुरेपूर अनुभवले. मोडेम, डेटा कार्ड, कन्व्हर्टर, प्रत्येकासोबत एक सीडी येई. ती हरवली की वस्तू निकामी. मोबाइल इंटरनेटच्या काही डोंगलांनी त्यावर गमतीदार उपाय काढला. डोंगल लावला की तो आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवून घेई, त्या खोट्या सीडीतून ड्रायव्हर संगणकावर उतरवी आणि मग रूप पालटून मोडेम होई. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी त्यात ड्रायव्हर नसे, तिला मात्र ती सीडीच दिसत राही.

याहून मोठा फटका बसला तो संगणक ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेले तेव्हा. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. ज्या कंपन्यांनी नवा ड्रायव्हर काढला नाही, त्यांची धडधाकट उपकरणे कचऱ्यात गेली. उलट, ज्यांच्या ड्रायव्हरची मूळ आज्ञावली खुली होती, ती उपकरणे तगली. ‘पेगासस’ या जुन्या चिपसाठी पेटको मानोलोव्ह यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलेला ड्रायव्हर दोन दशकांनंतरही लिनक्समध्ये नांदत होता.

मायक्रोसॉफ्टने या क्षेत्रात ‘आरएनडीआयएस’ ही आपली स्वतंत्र भाषा आणली. विंडोजमध्ये तिची सोय असल्याने फोन बनवणाऱ्यांनीही ती उचलली, आणि अँड्रॉइड फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सुविधा दीर्घकाळ याच भाषेवर चालली. अॅपलच्या संगणकांना ती भाषा येत नव्हती. त्यामुळे फोन चांगला, केबल चांगली, संगणक महागाचा, तरी इंटरनेट नाही, अशी अवस्था होई. मग तिऱ्हाइताने लिहिलेला ड्रायव्हर शोधावा लागे. विंडोज ११ मध्ये एनसीएमचा ड्रायव्हर अंगभूत आल्यावर सर्वांना एका भाषेवर येण्याची वाट मोकळी झाली.

ओळखपत्र कोण तपासणार?

सर्वमान्य भाषेला एक दुसरी बाजूही आहे. उपकरण आपण होऊन जे सांगते, त्यावर संगणक विश्वास ठेवतो. ‘मी इथरनेट कार्ड आहे’ असे म्हणणारे यंत्र खरोखर तसे आहे का, हे तपासण्याची सोय या विधीत नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॅडयूएसबी’ या नावाने दाखवून दिले, की साध्या यूएसबी उपकरणाची आतली आज्ञावली बदलून त्याला कीबोर्डाचे किंवा नेटवर्क कार्डाचे सोंग घेता येते.

२०१६ मध्ये सॅमी कामकार यांनी याचे बोलके प्रात्यक्षिक केले. पाच डॉलरच्या रास्पबेरी पाय झिरोला त्यांनी यूएसबी-इथरनेटचे रूप दिले आणि त्याला ‘पॉयझनटॅप’ असे नाव ठेवले. पासवर्डने कुलूपबंद असलेल्या संगणकाला ते लावले, की संगणक सवयीप्रमाणे त्याला नेटवर्क म्हणून स्वीकारतो आणि पत्ता मागतो. ते यंत्र उत्तर देते, ‘जगातले सारे पत्ते माझ्याच गल्लीत आहेत.’ मग वाय-फाय चालू असूनही संगणकाची रहदारी या यंत्राकडे वळते. मागे उघडा राहिलेला ब्राउझर असुरक्षित संकेतस्थळांकडे जे काही धाडतो, ते त्याच्या हाती पडते. पडद्यावरचे कुलूप जागच्या जागी असते.

चूक ड्रायव्हरच्या लेखनातही असू शकते. उपकरणाने सांगितलेली लांबी खरी मानून वाचायला जावे आणि वाचन ठरलेल्या जागेच्या बाहेर जावे, हा दोष २०२२ मध्ये एसिक्सच्या एका गिगाबिट चिपच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये उघड झाला आणि दुरुस्त करण्यात आला. त्याच वर्षी लिनक्सचे ज्येष्ठ देखभालकर्ते ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी आरएनडीआयएस ही पद्धत मुळातच असुरक्षित असल्याचे सांगून तिचे ड्रायव्हर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. ज्यांची उपकरणे तीच भाषा बोलतात त्यांचे काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. दुभाष्याला सरळ निवृत्त करता येत नाही. त्याच्यावाचून अडणारी माणसे असतात.

ग्राहकाने काय पाहावे?

कन्व्हर्टर घेताना डबीवरच्या ‘गिगाबिट’ या शब्दाइतकेच यूएसबीच्या आवृत्तीकडे पाहिले पाहिजे. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच हाती येते. त्यामुळे गिगाबिट कन्व्हर्टरला यूएसबी ३.० चे पोर्टही हवे. आतली चिप कोणती, आपल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून आहे का, हे दुकानदाराला विचारावे. वेगळा ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागणार असेल, तर त्या वस्तूचे आयुष्य त्या कंपनीच्या मर्जीवर आहे हे ओळखावे. ड्रायव्हर उतरवायचाच झाला, तर तो चिपच्या कंपनीकडूनच घ्यावा. ऑपरेटिंग सिस्टीमची सुधारित आवृत्ती वेळेवर घ्यावी, कारण ड्रायव्हरमधल्या दोषांची दुरुस्ती तिच्यातूनच येते. आणि कोणाचे, कुठून आले हे ठाऊक नसलेले यूएसबी उपकरण, कुलूपबंद संगणकालाही लावू नये.